गुवाहाटीहून विटा किती लांब?

पहाटे पाचला फोन वाजला. सांगली जिल्ह्यातल्या विट्यात माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे, त्यामुळे अवेळी फोन येतात. कुणाची गाडी चुकते, कुणाच्या तिकिटावर नाव चुकलेलं असतं. त्या दिवशी मात्र तालुक्यातल्या एका वाडीतले तात्या बोलत होते. "थोरलं भाऊ गेलं रात्री. पोरगं गुवाहाटीला हाय. विमानानं आला तर किती वेळात पोचंल? थांबायचं का न्हाई, तेवढं सांगा."

मी मोबाइलवर दोन शहरांची नावं टाकली. गुवाहाटी ते मुंबई, २,०७५ किलोमीटर, अडीच तास. "अडीच तासांचं विमान आहे तात्या. दुपारपर्यंत येईल," मी सांगितलं.

पोरगा घरी पोचला रात्री साडेअकराला. दुपारी दोनपर्यंत सगळे वाट बघत बसले. पै-पाहुणे आले होते, सरण रचून तयार होतं. चार वाजता वडीलधाऱ्यांनी ठरवलं की आता थांबण्यात अर्थ नाही, आणि पुतण्यानं अग्नी दिला. रात्री पोरगा आला तो गाडीतून उतरून घरात न जाता थेट स्मशानात गेला.

मी सांगितलेला आकडा खोटा नव्हता, पण तो तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हता. रात्री साडेअकरा असं मी पहाटेच सांगितलं असतं, तर सांगलीहून बर्फाची पेटी मागवता आली असती, किंवा न थांबण्याचा निर्णय सकाळीच शांतपणे घेता आला असता. काय करायचं ते घरच्यांनी ठरवलं असतं. माझ्या उत्तरानं ती संधीच त्यांच्या हातून गेली.

आमच्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागात हा प्रश्न घरोघरी आहे. इथली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पांगलेली आहेत. तामिळनाडू, केरळ, बंगाल, दिल्ली, आसाम. सराफ बाजार असेल तिथं आमच्याकडचं कुणी ना कुणी भट्टी लावून बसलेलं असतं. म्हातारी माणसं गावाकडं आणि कर्ती माणसं हजार-दोन हजार किलोमीटरवर. अशा घरांसाठी "किती लांब?" आणि "किती वेळ?" हे प्रश्न फार मोलाचे आहेत. म्हणून या दोन आकड्यांच्या आत काय काय दडलेलं असतं, ते मी नंतर नीट समजून घेतलं. तेच इथं सांगतो.

आधी अंतर. दोन गावांमधलं अंतर म्हणजे एकच आकडा, असं आपण धरून चालतो. पण महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटानं उतरा. नाकासमोर सरळ मोजलं तर ही दोन गावं वीसेक किलोमीटरवर आहेत, पण घाटाचा रस्ता वळणं घेत घेत चाळीसच्या घरात जातो. डोंगर नसला तरी रस्ता सरळ नसतोच. विट्याहून पुण्याचं विमानतळ सरळ रेषेत १६० किलोमीटर भरतं, पण कराड, सातारा, खंबाटकी करत गाडीनं गेलं की काटा दोनशेच्या पुढं जातो. रेल्वेचंही तसंच. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हा राजधानीचा मार्ग १,३८४ किलोमीटर आहे आणि हवाई अंतर १,१४० च्या आसपास.

मोबाइल किंवा अंतर सांगणारी साइट "हवाई अंतर" दाखवते तेव्हा ती कुठल्याच विमानाचा मार्ग मोजत नाही. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घेते आणि पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यामधली सगळ्यात जवळची वाट गणितानं काढते. मग त्या किलोमीटरना ताशी आठ-साडेआठशेच्या ठरावीक वेगानं भागून वेळ सांगते. २,०७५ भागिले ८५० म्हणजे दोन तास सव्वीस मिनिटं, आणि मी पहाटे सांगितलेले अडीच तास ते हेच. त्यात ना वारा होता, ना धावपट्टीवरची रांग, ना मुंबई ते वाडी हा रस्ता.

ही "गोलावरची जवळची वाट" काय असते, ते मला आमच्या भागातल्या एका मावशींमुळं कळलं. त्यांची मुलगी अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ असते. मावशी पहिल्यांदा एकट्या जाऊन आल्या आणि दुकानात आल्या त्याच काळजीनं. समोरच्या सीटमागच्या पडद्यावर विमानाचा मार्ग दिसत होता. अमेरिका पश्चिमेला, पण विमान निघालं ते वर उत्तरेला. खाली बर्फच बर्फ. "पायलट वाट चुकला का काय, असं वाटून मी डोळा मिटला नाही," म्हणाल्या.

दुकानात माझ्या मुलीचा शाळेतला पृथ्वीगोल होता. वाकळ शिवायचा जाड दोरा घेतला. एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं मावशींनी न्यूयॉर्कवर धरलं. आधी दोरा भिंतीवरच्या नकाशासारखा पश्चिमेकडं नेला, अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं टोक आणि मग अटलांटिक असा. आणि मग तो ताणला. ताणल्याबरोबर दोरा गोलावरून आपोआप वर सरकला आणि सैल झाला. पुन्हा घट्ट ओढला तेव्हा तो तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशियातलं सेंट पीटर्सबर्ग, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि तिथून कॅनडावरून खाली न्यूयॉर्क, असा जाऊन बसला. हाताशी तीन बोटं दोरा उरला. मावशी त्या उरलेल्या दोऱ्याकडं बघत राहिल्या. "म्हंजे वर गेलं की जवळ पडतं?"

पडतं खरं. मुंबई ते न्यूयॉर्क या ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेनं साधारण १२,५३० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि तीच रेघ धरून विमान नेलं, तर १४,२०० च्या आसपास. सोळा-सतराशे किलोमीटरचा फरक, म्हणजे विमानाचे दोन तास. खोट नकाशात आहे. संत्र्याची साल सपाट पसरायची तर ती फाटते किंवा ताणावी लागते. गेरार्डस मर्केटर यांनी १५६९ मध्ये जो नकाशा काढला तो दर्यावर्दींसाठी होता. होकायंत्राची एक दिशा धरून चालायचं तर ती वाट नकाशावर सरळ रेघ दिसावी, ही त्यांची गरज. ती भागवण्यासाठी उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा भाग ताणून मोठा करावा लागला. म्हणून त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, आणि म्हणूनच खरी जवळची वाट त्यावर वाकडी दिसते.

जवळच्या शहरांना हा फरक जाणवत नाही. मुंबई-गुवाहाटीला नकाशावरची रेघ आणि गोलावरचा दोरा जवळपास एकच. तिथं घोळ दुसराच आहे, तो वाऱ्याचा.

तिकिटावर मुंबईहून गुवाहाटीला जायला तीन तास लिहिलेले असतात आणि यायला साडेतीन. "जाताना उतार आणि येताना चढ हाय व्हय?" असं एकानं मला खरोखर विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला त्याचीच उपमा उपयोगी पडली. चढ-उतार असतो, पण तो हवेच्या प्रवाहाचा.

सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, त्या आयर्विन पुलाच्या आसपास उभं राहून आपण बघितलेल्या असतात. समजा, एक होडी संथ पाण्यात ताशी दहा किलोमीटरनं जाते आणि नदी ताशी दोननं वाहते आहे. प्रवाहाबरोबर जाताना काठावरच्या माणसाला होडी बाराच्या वेगानं जाताना दिसेल, उलटी येताना आठच्या. वल्हं मारणाऱ्याचा जोर दोन्ही वेळी तेवढाच. विमानाला हवा म्हणजे अशीच वाहती नदी. विमानाचा वेग आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ताशी साडेआठशेच असतो, पण ती सगळी हवाच जमिनीवरून पूर्वेकडं सरकत असेल तर विमान तिच्यासोबत वाहून जातं.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे मोठी विमानं जिथं उडतात तिथंच, पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची तापलेली हवा आणि ध्रुवांकडची थंड हवा यांच्यातला फरक आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, या दोन्हींमुळं ते तयार होतात. हिवाळ्यात यातला एक पट्टा उत्तर भारतावरून जातो आणि तिथं ताशी शंभर-दोनशे किलोमीटरचा वारा ही रोजची गोष्ट असते. आपण खाली शेकोटीपाशी बसलेलो असतो, पान हलत नाही, आणि वर हे चाललेलं असतं.

हिशोबापुरता वारा ताशी शंभर धरू. मुंबईहून गुवाहाटीला जाताना विमान जमिनीवरून ९५० च्या वेगानं सरकेल आणि २,०७५ किलोमीटर दोन तास अकरा मिनिटांत कापेल. येताना ७५० च्या वेगानं, दोन तास सेहेचाळीस मिनिटं. पस्तीस मिनिटांचा फरक पडला तो इथं.

इथं एक गंमत आहे, आणि मला ती फार आवडते. जाताना मिळालं आणि येताना गेलं, म्हणजे हिशोब फिटला, असं वाटतं. तो फिटत नाही. होडीचंच बघा. चार किलोमीटर प्रवाहाबरोबर वीस मिनिटं, चार किलोमीटर उलटं तीस मिनिटं, मिळून पन्नास. पाणी संथ असतं तर चोवीस आणि चोवीस, म्हणजे अठ्ठेचाळीस. दोन मिनिटं कुठं गेली? उलट्या प्रवाहात होडी जास्त वेळ राहिली, म्हणून तोटाही जास्त वेळ सोसला. जाणं-येणं दोन्ही असेल तर वारा शेवटी थोडं तरी घेऊनच जातो.

वारा किती मोठी गोष्ट आहे याचे दोन दाखले देतो. फेब्रुवारी २०२० मध्ये 'कियारा' वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी त्यानं आवाजाचा वेग ओलांडला असं होत नाही, कारण हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगानं चाललं होतं. हवाच जोरात पळत होती. दुसरा दाखला आपल्या एअर इंडियाचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान त्यांनी अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. मार्ग १,४०० किलोमीटरनं वाढून १५,३०० झाला आणि वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला. लांबची वाट, पण पाठीवर वारा. किलोमीटर मोजून वेळ सांगणाऱ्या कुठल्याही साइटला हे उत्तर सापडणार नाही.

तामिळनाडूत असलेल्या आपल्या मंडळींसाठी एक टीप. पावसाळ्यात दक्षिण भारतावर वरचा वारा उलटतो. जमिनीजवळ नैऋत्येचा मोसमी वारा असतो आणि फार वर, पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहणारा 'पूर्वेचा जेट'. आपल्याच पी. कोटेश्वरम या हवामानशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास जगापुढं मांडला. त्याचा गाभा विमानांच्या उंचीच्याही वर असतो, त्यामुळं तिकिटाच्या वेळेत हिवाळ्याएवढा फरक दिसत नाही, पण उत्तरेचा नियम दक्षिणेला बारा महिने लावू नये.

वाऱ्याशिवाय मार्गही सरळ नसतो. आकाशात ठरलेल्या वाटा असतात, लष्कराच्या हद्दी असतात, आणि देशांच्या सीमा वरपर्यंत गेलेल्या असतात. पाकिस्ताननं २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै आणि पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. मावशींचा तो घट्ट ओढलेला दोरा त्या दिवसांत आपल्या विमानांसाठी कागदावरच राहिला. मुंबईला आणखी एक अडचण आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानं रांगेत, आकाशात घिरट्या घालत थांबतात. खाली मुंबई दिसते आहे आणि उतरता येत नाही, असे पंधरा-वीस मिनिटं सहज जातात.

आता तिकिटावरच्या वेळेकडं येऊ. तिथं लिहिलेली सुटायची वेळ म्हणजे विमान जमीन सोडतं ती वेळ नव्हे. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान जागचं हलतं, तिथून घड्याळ सुरू होतं. उतरून, सरकत सरकत आपल्या जागी येऊन थांबतं आणि पुन्हा ठोकळे लागतात, तिथं ते बंद होतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीकडं जाणं, रांग, चढणं, उतरणं, हे सगळं त्यात आलं. शिवाय कंपन्या त्यात थोडी मोकळीक धरतात, म्हणजे उशीर झाला तरी वेळापत्रक सांभाळलं जातं. ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेलं विमान "वेळेवर" मोजलं जातं, हेही लक्षात ठेवावं.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. उजळाईवाडी विमानतळ ते मुंबई सरळ ३०० किलोमीटरच्या थोडं पुढं आहे. या मार्गाला शोभणारं पंख्याचं एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास चालतं. भागाकार केला तर सदतीस मिनिटं, पण तिकिटावर तासाभराचा प्रवास दिसतो. छोट्या अंतरात विमान पूर्ण वेगानं असतं तेच मुळी थोडा वेळ. बाकी वेळ चढण्या-उतरण्यात आणि जमिनीवर. म्हणून जितकं अंतर कमी, तितकं साइटवरचं उत्तर जास्त फसवं.

परदेशी जाणाऱ्यांना घड्याळाचा घोळ वेगळा. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. मुंबईहून सकाळी दहाला निघून सव्वातीन तास उडालं तरी तिथं वाजलेले असतात पावणेबारा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, एवढं समजलं की पुरे.

देशात तो प्रश्न नाही, कारण १ जानेवारी १९०६ ला सुरू झालेली भारताची प्रमाणवेळ आज सगळीकडं एकच आहे. पण सूर्य ते मानत नाही. एका रेखांशाला चार मिनिटं, आणि गुवाहाटी मुंबईच्या पूर्वेला जवळपास १९ रेखांश, म्हणजे तिथं सूर्य सव्वा तास आधी डोक्यावर येतो. आसामच्या चहामळ्यांत म्हणूनच घड्याळ एक तास पुढं ठेवून 'बागान टाइम' पाळतात. हे ऐकून मला वाटायचं, माहिती म्हणून ठीक आहे. त्या दिवशी मात्र याचाही संबंध आला. तिकडं पोरगा म्हणत होता, "इकडं चांगलं उजाडलंय, मी निघतोच," आणि इकडं वाडीत अजून अंधार होता. तो लवकर निघतोय असं सगळ्यांना वाटलं, पण घड्याळात दोन्हीकडं तेच पाच वाजले होते.

आता त्या दिवसाचा खरा हिशोब. पहाटे पाचला फोन. पहिल्या विमानाला जागा नव्हती, मिळाली ती ११ वाजून २० मिनिटांच्या विमानात. गावातून विमानतळावर जायला तास. चेक-इनचा काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तासभर आधी बंद करतात आणि गेट पंचवीस मिनिटं आधी, म्हणून नऊलाच घर सोडायला हवं. तिकिटावर साडेतीन तास, म्हणजे २ वाजून ५० मिनिटांना मुंबई. बाहेर पडेपर्यंत सव्वातीन-साडेतीन. पुढं ३५० किलोमीटर रस्ता. मुंबईतून बाहेर पडायलाच संध्याकाळ, मग एक्स्प्रेस वे, पुण्याची कोंडी, खंबाटकी, सातारा, कराड, विटा आणि तिथून वाडी. आठ तास.

पाच ते साडेअकरा हे साडेअठरा तास झाले, आणि त्यातलं खरं उडणं तीन तासांच्याही आतलं. मला सगळ्यात बोचलं ते वेगळंच. गुवाहाटीहून विटा सरळ रेषेत मोजलं तर ते दोन हजारांच्या आसपास, म्हणजे मुंबईपेक्षा जवळ आहे. पोरगा घर मागं टाकून पुढं मुंबईला गेला आणि तिथून आठ तास रस्त्यानं परत आला. कराडला धावपट्टी आहे, सांगलीजवळ कवलापूरच्या विमानतळाची मागणी कित्येक वर्षं ऐकतोय. ही मागणी काही लोकांना चैनीची वाटते. ती तशी नाही, हे मी आता कुणाशीही बसून बोलायला तयार आहे.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. लांबच्या गलाईवाल्या गिऱ्हाइकाला तिकिटाबरोबर एक कागद हातानं लिहून देतो. दुकानापासून विमानतळ किती वेळ, काउंटर कधी बंद होतो, तिकिटावरची वेळ जाताना आणि येताना वेगळी का, कुठल्या विमानतळावर उतरलं तर पुढं रस्ता किती तास, रात्री गाडी मिळते का. शेवटच्या ओळीत फक्त एक आकडा: फोन ठेवल्यापासून उंबऱ्यात पाय पडेपर्यंत.

दिवाळीला तो पोरगा गावी आला होता. दुकानात आला, तात्याही सोबत होते. मी त्याच्यासाठी लिहून ठेवलेला कागद दिला. त्यानं उभ्या उभ्या सगळा वाचला, शेवटच्या ओळीवर थांबला. मग घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "दादा, पुणं आणि कोल्हापूर धरून बी एकेक लिहून द्या. आई हाय अजून गावाकडं."